डोंगरातील सायकलवाट



आजचा विषय पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. वसंतातल्या या व्यासपीठावर इतिहासाची, साहित्याची, अर्थकारणाची चर्चा व्हावी. तेथे सायकलीचे काय काम, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु आम्हांस आज सायकलीपेक्षा वाटेविषयी अधिक बोलावयाचे आहे. सायकल एकट्याला विकत घेता येते. वाट मात्र एकट्याची होत नाही. ती दहाजणांनी करावी लागते, शंभरजणांनी वापरावी लागते आणि सर्वांनी मिळून सांभाळावी लागते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ‘बाइक’ म्हटले की आपल्याकडे मोटारसायकल डोळ्यांसमोर येते. माउंटन बाइक ही पायाने चालवावयाची सायकल आहे. रुंद खाचांचे टायर, भक्कम फ्रेम, जोरकस ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर ही तिची लक्षणे. डोंगरातल्या ज्या अरुंद वाटेवरून ती चालते, तिला आम्ही सायकलवाट म्हणू.

या खेळाचे एक प्रमुख जन्मस्थान म्हणजे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचा मॅरिन परगणा. तेथील डोंगरांत 1970 नंतर काही तरुण जुन्या, जड सायकली वर नेत आणि उतारावरून सोडून देत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी शर्यत भरविली. सुमारे दोन मैलांत ती वाट तेराशे फूट खाली येत असे. पायडल उलटे दाबले की लागणारे ते जुने ब्रेक. एका उतरणीतच हबमधले ग्रीस जळून जाई व पुन्हा भरावे लागे. म्हणून वाटेचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, असे पडले. पहिली शर्यत अ‍ॅलन बॉण्ड्सने जिंकली. कारण काय, तर तो एकटाच पडला नाही, असे तेथील मंडळी सांगतात! न पडणारा पुढे जातो, हा या खेळाचा पहिला धडा आहे.

पुढे 1977 मध्ये जो ब्रीझ याने डोंगरासाठीच म्हणून फ्रेम घडविली. 1979 मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी अशा सायकलींचा व्यवसाय काढला. आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. वीस वर्षांत एवढी मजल! परंतु याच काळात त्याच मॅरिनमध्ये दुसरी एक गोष्ट घडली. त्या डोंगरात पायी फिरणारे होते, घोडेस्वार होते. वळणावरून अचानक अंगावर येणाऱ्या सायकलींनी ते धास्तावले. तक्रारी झाल्या आणि 1980 नंतरच्या दशकात तेथील अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद वाटांवर ताशी 15 मैलांची आणि आंधळ्या वळणावर 5 मैलांची मर्यादा आली. जेथे खेळ जन्मला तेथेच त्याला दार लागले! त्यातून शहाणे होऊन कॅलिफोर्नियातील सायकल मंडळांनी 1988 मध्ये एक संघटना स्थापिली. खुल्या वाटेनेच जा, खुणा मागे ठेवू नका, सायकल ताब्यात ठेवा, इतरांना वाट द्या, जनावरांना बुजवू नका, तयारीनिशी निघा, अशी तिची सहा सूत्रे आहेत. श्रोतेहो, पाहा, यांतील बहुतेक सूत्रे साधी शेजारधर्माचीच आहेत.

आता वाट करावयाची कशी? येथे खरा शत्रू म्हणजे पाणी. सह्याद्रीत राहणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. डोंगरमाथ्यावरून सरळ खाली उतरणारी वाट एका पावसाळ्यात ओढा होते. घाटरस्ता वळणे का घेतो, हे ज्याला कळले त्याला सायकलवाट कळली. जाणकारांचा नियम असा की, वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. शंभर फुटांत वीस फूट चढणारी टेकडी असेल, तर वाटेने शंभर फुटांत दहा फुटांपेक्षा जास्त चढू नये. एकूण वाटेचा सरासरी चढही शेकडा दहाच्या आत ठेवावा. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूस किंचित कलता असावा, आणि उतरणीत मधूनमधून छोटा चढ घालावा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता बाजूला निघून जाते. हे साधले की वाट टिकते आणि स्वाराचा वेगही आपोआप आटोक्यात राहतो. सुरक्षिततेचा निम्मा भाग असा कुदळ-फावड्यानेच सिद्ध होतो.

उत्तर वेल्समध्ये कोएड-अ-ब्रेनिन, म्हणजे ‘राजाचे वन’, नावाचे जंगल आहे. पाऊस तेथे जवळजवळ बारमाही. 1990 नंतरच्या दशकात तेथे खास सायकलींसाठी वाटा बांधण्यात आल्या. ब्रिटनमध्ये हा प्रयत्न पहिलाच. ओल्या जागी त्यांनी दगड बसवून वाट भक्कम केली. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो. दगड बसविणे झेपत नसेल तर भर पावसात वाट बंद ठेवणे हाच उपाय. चाकाची खोल चाकोरी उमटू लागली की परत फिरावे. डबके टाळण्यासाठी बाजूने जाऊ नये. एकाची पळवाट दुसऱ्याचा रस्ता होतो आणि चार हातांची वाट बारा हातांची होते.

वाट ज्या जमिनीतून जाते तिच्या मालकाची, आणि वनजमीन असेल तर वनखात्याची, परवानगी आधी घ्यावी. गुराख्याला आणि रोज टेकडीवर फिरावयास जाणाऱ्यांना आराखडा ठरण्यापूर्वी विचारावे. फीत कापण्याच्या दिवशी त्यांना बोलावणे सोपे आहे. आधी बोलावणे महत्त्वाचे आहे. वाटेच्या तोंडाशी तिची अवघडता दाखविणारी पाटी हवी. ब्रिटनमध्ये सोप्यापासून कठीणापर्यंत हिरवा, निळा, तांबडा व काळा असे रंग वापरतात. ठराविक अंतरावर क्रमांकाचे खांब रोवावे, म्हणजे अपघात झाल्यास ‘सातव्या खांबापाशी’ असे नेमके सांगता येते.

आता स्वाराकडे वळू. हेल्मेट कपाळ झाकील असे, पट्टा बांधून घालावे. हँडलला लटकवलेले हेल्मेट कोणाचेच डोके वाचवीत नाही. निघण्यापूर्वी ब्रेक, टायर आणि चाकांची पकड पाहावी. उतारावर सीट खाली घ्यावी, दोन्ही पायडले समपातळीत ठेवून उभे राहावे, कोपर-गुडघे सैल ठेवावे. पुढचा ब्रेक अधिक जोराचा, म्हणून तो हळूहळू दाबावा. एकदम आवळला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे. नजर दगडावर न ठेवता जावयाचे तिकडे ठेवावी. वेग दुप्पट झाला की थांबावयास लागणारे अंतर चौपट होते, हे पदार्थविज्ञान डोंगरातही लागू आहे! म्हणून दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग धरावा. नव्या वाटेची पहिली फेरी सावकाश करावी. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, आणि पायी चालणाऱ्याला सर्वांनी द्यावी.

कोणी पडलाच तर एकाने वर जाऊन मागून येणाऱ्यांना थांबवावे. मानेला मार लागल्याची शंका असेल, तर श्वास अडत असल्याखेरीज हेल्मेट काढू नये, आणि जागेवर दुसरा धोका नसेल तर हलवू नये. एकाने त्याच्याजवळ थांबावे, दुसऱ्याने 108 किंवा 112 वर दूरध्वनी करून खांबाचा क्रमांक सांगावा. एकट्याने जाऊ नये हे यासाठीच.

तात्पर्य काय? नवी वाट उद्घाटनाने खुली होते, पण खुली राहते ती वागणुकीने. एका उन्मत्त स्वाराच्या वेगापायी शंभर मुलांची वाट बंद होऊ शकते, हे मॅरिनने दाखविले आहे. आपल्या गावांभोवतीच्या टेकड्या अजून पुष्कळशा सर्वांच्या आहेत. तेथे सकाळी आजोबा काठी टेकीत चालावेत, बकऱ्या चराव्यात आणि त्याच टेकडीवरून दहा वर्षांची मुलगी निर्भयपणे सायकल उतरवीत यावी. हे तिन्ही एकत्र नांदतील अशी वाट आम्हांस हवी आहे. ती खणावयास चार रविवार पुरतील. सांभाळावयास मात्र दर पावसाळ्यानंतर फावडे घेऊन यावे लागेल.