खाज एकाला, औषध सगळ्या घराला

आजचा एपिसोड ऐकता ऐकता अंग खाजवावंसं वाटलं तर आधीच सॉरी. विषय आहे खरूज. हो, तीच, जिचं नाव आपण घरात हळू आवाजात घेतो.

मी मूळचा बोरी अरबचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. मागच्या दिवाळीत दहा दिवस घरी होतो. सहा वर्षांचा पुतण्या माझ्याच गोधडीत झोपायचा आणि रात्रभर पोट, मनगटं खाजवायचा. आई म्हणाली, "काही नाही रे, थंडीनं अंग उललं असंन." दादाने मेडिकलमधून विचारून एक ट्यूब आणली. चार दिवस आराम, मग पुन्हा तेच.

पुण्याला परतून महिना झाला आणि मला सुरू झालं. दिवसा कमी, रात्री पांघरुणात शिरलो की जास्त. बोटांच्या बेचक्यात, कमरेला, काखेत बारीक पुरळ. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बोटं पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरी आणखी कोणाला खाजतंय?"

मी वहिनीला फोन केला. ती आधी गप्प. मग म्हणाली, "भाऊजी, सगळ्यांनाच खाजतंय. पण आई म्हणतात, मीच दसऱ्याला माहेरून आणलं. माझं अंथरूण वेगळं केलंय. लेकराला जवळ घेऊ देत नाहीत."

मला खाजेपेक्षा हे जास्त लागलं.

आता नीट ऐका. खरूज होते ती एका किड्यामुळे. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. ती कातडीच्या वरच्या थरात बीळ करते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. घाणीचा यात संबंध नाही, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते. ती पसरते अंगाला अंग बराच वेळ लागल्याने: एका पांघरुणात झोपणं, लेकरू कडेवर घेणं.

आणि मुख्य गोष्ट अशी की पहिल्यांदा खरूज झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो, पण दुसऱ्याला देत असतो. म्हणजे ज्याला आधी खाजलं त्यानेच आणली, हे सांगताच येत नाही. वहिनीने आणली, शाळेतून आली की दिवाळीच्या पाहुण्यांकडून, कोणालाच कळणार नाही.

आमच्याकडे एकदा डॉक्टरांचं खरं औषधही आणलं होतं. पण ट्यूब महाग, म्हणून लावलं फक्त पोराला. तो बरा झाला, आजीजवळ झोपला, परत आली. नेटवर्कमधला एकच लॅपटॉप साफ केल्यासारखं झालं.

मग मी शनिवारी घरी गेलो. सगळ्यांना डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी सांगितलं तसं एकाच रात्री सगळ्यांनी परमेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम लावलं. मानेपासून तळपायापर्यंत, कोरड्या अंगाला. बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, बेंबीत, काखेत, जांघेत, कुल्ल्यांवर. फक्त पुरळ आहे तिथे नाही! मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. ८ ते १४ तास ठेवायचं, मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं, सकाळी आंघोळ. आणि आठवडा ते दोन आठवड्यांत पुन्हा एकदा, कारण अंड्यांतून निघालेले किडे उरू शकतात. तान्ह्या बाळांना डोक्यालाही लावावं लागतं, ते डॉक्टरच सांगतील. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही असतात, पण त्या मनाने घेऊ नका. गरोदर बाईला आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला त्या देत नाहीत.

आजी अडून बसली. "मले कुठं खाजते? मी काऊन लावू?" मी म्हटलं, "आजी, तुला खाजत नाही म्हणूनच लाव." शेवटी तिच्या पाठीला मलम वहिनीनेच लावलं.

त्याच सकाळी तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यातून काढून कडक उन्हात. धुता येत नाही ते पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला. अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच जगतो, त्यामुळे घरात फवारणी करत बसू नका.

औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. घाबरून रोज मलम चोपडू नका. महिन्यानंतरही नवीन पुरळ येत असेल तर परत डॉक्टरांकडे जा. आणि ती मेडिकलमधली पहिली ट्यूब? तिच्यात स्टेरॉइड होतं. खाज दबते, पुरळाचं रूप बदलतं, किडा मजेत राहतो. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या तर त्रास पार किडनीपर्यंत जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरुजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत उगाच नाही घेतलं.

पुण्यात माझ्या दोन्ही रूममेट्सनाही सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. त्यांनीही त्याच रात्री लावलं.

दुसऱ्या डोसच्या दिवशी वहिनीचा फोन आला. आईने काही माफी वगैरे मागितली नव्हती. फक्त वहिनीचं अंथरूण स्वतः उचलून आत टाकलं आणि पुतण्याला म्हणाली, "जा, झोप मायजवळ."

तुमच्या घरात रात्री दोघांना खाजत असेल तर "कोणी आणली" विचारू नका. "सगळ्यांनी कोणत्या रात्री लावायचं" ते ठरवा. आणि हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका, लाजू नका. भेटू पुढच्या भागात!