दंडाचा घेर आणि बालकाचा जीव

(बडोदे येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर झालेले भाषण)



बडोदे हे शहर मराठी माणसाला परके नाही. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचे गोपाळराव येथे सयाजीराव महाराज म्हणून गादीवर बसले आणि १९०६ मध्ये त्यांनी आपल्या राज्यात सर्वत्र सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. परंतु शाळेची पायरी चढण्यासाठी मूल आधी जगले पाहिजे. त्या कोवळ्या वयाची काळजी वाहण्याकरिता २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रातील धारणी व धारावी यांच्याबरोबरच, तेव्हा बडोदे जिल्ह्यात असलेला छोटा उदेपूर हा आदिवासी गटही त्यात होता.

या योजनेतील अंगणवाडी सेविकेच्या हाती आज एक साधी रंगीत फीत असते. ती बालकाच्या दंडाभोवती गुंडाळून धोका ओळखता येतो. ही गोष्ट अनेकांना नवलाची वाटते. तिच्यामागील कारण मात्र सरळ आहे.

अन्न कमी पडले की शरीर प्रथम साठवलेली चरबी वापरते आणि मग स्नायूंना हात घालते. जुलाब, गोवर वा न्यूमोनिया झाला म्हणजे रोगाशी झुंजण्यासाठी लागणारी प्रथिने याच स्नायूंतून येतात. लहान मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा व स्नायू थोडे. त्यामुळे ही शिल्लक लवकर संपते. ज्याची शिल्लक संपली, त्याला साधे दुखणेही पेलवत नाही.

चरबी व स्नायू वेगवेगळे मोजण्याची रीतही आहे. दंडाच्या मागील बाजूच्या कातडीची घडी कॅलिपर नावाच्या चिमट्याने मोजतात, तिला ३.१४ ने गुणतात आणि तो आकडा घेरातून वजा करतात. दोन मुलांच्या दंडाचा घेर १४ सेंटिमीटरच आहे असे समजा. एकाची घडी ६ मिलिमीटर, तर दुसऱ्याची १० मिलिमीटर. पहिल्याच्या स्नायूंचा घेर सुमारे १२.१ सेंटिमीटर, दुसऱ्याचा १०.९ सेंटिमीटर भरतो. वरून सारखे दिसणारे हात आतून सारखे नसतात.

मग खेडोपाडी असे चिमटे पुरवावेत काय? तशी आवश्यकता नाही. १९७० च्या सुमारास बांगलादेशातील मतलब येथे आठ हजारांहून अधिक मुलांच्या दंडाचे माप उंचीशी ताडून पुढे दीड वर्ष त्यांची नोंद ठेवण्यात आली. ज्यांचे दंड बारीक होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. पुढील काळातील अभ्यासांतून नुसता घेरही धोका ओळखण्यास पुरेसा ठरतो, असे दिसून आले. एक ते पाच वर्षांच्या वयात हा घेर फारसा बदलत नाही, म्हणून जन्मतारीख ठाऊक नसली तरी माप उपयोगी पडते.

मापाची पद्धत सोपी आहे. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचे टोक व कोपर यांचा मध्य शोधावा. नंतर हात सैल सोडून तेथे फीत गुंडाळावी. ती आवळू नये, ढिलीही ठेवू नये. सहा महिने ते पाच वर्षे या वयात घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असल्यास तीव्र कुपोषण समजावे. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये संयुक्तपणे जाहीर केली. ११.५ ते १२.५ या दरम्यान पिवळा, म्हणजे सावधगिरीचा रंग होय. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहिला, तर दंड भरलेला असला तरी मूल धोक्यात आहे असे समजावे.

फीत लाल रंग दाखविते. पुढचे काम माणसांचे आहे. "आमचे मूल जन्मापासूनच बारीक आहे," असे म्हणून पालकांनी उपचार टाळू नयेत. मजुरी बुडेल म्हणून माता दवाखान्यात राहण्यास कचरते, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या पाठीशी उभे राहावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या धाकट्या भावंडांची चौकशी करावी. अधिकाऱ्यांनी नोंदवहीतील प्रत्येक लाल नोंदीपुढे मूल उपचारास पोहोचले की नाही, ते पाहावे.

माप घेऊन वहीत लिहिले आणि मूल घरीच राहिले, तर त्या मापाचा उपयोग काय? लाल फितीतील मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्राकडे निघाले पाहिजे, एवढा निश्चय प्रत्येक गावाने करावा.