पाटी लावून बंद करा

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला होता ‘इंटरनेट : शाप की वरदान?’. शिरवणे गावठाणातल्या व्याख्यानमालेचं दुसरं पुष्प गुंफायला आलेल्या वक्त्यांनी माइक हाती घेतला आणि तो विषय दहावीच्या निबंधाला देऊन टाकला. हयात टेलिकॉममध्ये गेलेले, निवृत्तीनंतर नेरुळला राहणारे हे अभियंते गेली काही वर्षं एकच मुद्दा घेऊन फिरतात. प्रास्ताविकात अध्यक्षांनी ‘सरांचं पाटीपुराण’ असा उल्लेख केला, तेव्हा निम्मं सभागृह आधीच हसलं.

पाटीपुराण थोडक्यात असं : सरकारला वेबसाइट बंद करायची तर करू दे, पण बंद पानावर पाटी लावू दे. कोणी बंद केली, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला आणि दाद मागायची तर कुठे. चार ओळी. आज त्या जागी बहुतेक वेळा कोरं पान दिसतं, नाहीतर ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या निर्देशानुसार’ असं एक वाक्य. हे सक्षम प्राधिकारी कोण, याचा पत्ता लागत नाही.

“पालघरचं तुम्हाला ठाऊकच आहे,” म्हणून वक्ते पुढे सरकले. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलांचे चेहरे पाहता ते तितकंसं ठाऊक नसावं, म्हणून छापताना दोन ओळी जोडायला हव्यात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल हिची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं. पेढे वाटले गेले.

वक्त्यांचं दुखणं त्या पेढ्यांपाशी सुरू होतं. त्याच निकालात कलम ६९अ शाबूत राहिलं. याच कलमाच्या आधारे केंद्र सरकार वेबसाइट, पोस्ट, व्हिडिओ लोकांना दिसू नये असा आदेश देतं. न्यायालयाने ते का राखलं? कारण त्यात अटी आहेत : समिती आहे, ओळख पटणाऱ्या लेखकाला नोटीस आहे, आणि आदेशामागची कारणं लेखी नोंदवायची आहेत, म्हणजे ज्याला तो आदेश मान्य नाही त्याला उच्च न्यायालयात आव्हान देता येईल. पण २००९ च्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की तक्रार आणि त्यावरची कारवाई गोपनीय ठेवायची. “कारणं लिहायची, कपाटात ठेवायची, आणि ज्याच्या विरुद्ध ती लिहिली त्याला म्हणायचं, जा आता हायकोर्टात!” वक्त्यांनी कपाटाला कुलूप लावल्याचा अभिनय केला. त्याला टाळ्या पडल्या. संसदेत सरकारनेच दिलेले आकडे त्यांनी तोंडपाठ म्हटले : २०१४ मध्ये या कलमाखाली ४७१ दुवे बंद झाले, २०२० मध्ये ९,८४९.

इथपर्यंत सगळं दिल्लीचं होतं. मग ते मुंबईत उतरले.

डिसेंबर २०१४. दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ३२ साइट बंद करायला सांगितल्या. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयाकडून आदेश मिळवला होता, कारण आयसिसचा प्रचार. यादीत कोण होतं? गिटहब, व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन आणि इंटरनेट आर्काइव्ह. ३१ डिसेंबरला आरडाओरडा झाला. यादी सरकारने जाहीर केली नव्हती, आदेशाची प्रत ट्विटरवर फुटली म्हणून कळली. काही साइटनी सहकार्याची तयारी दाखवल्यावर त्या पुन्हा खुल्या झाल्या. गिटहब म्हणजे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात आणि एकमेकांचा वापरतात ती जागा. “महापे आणि ऐरोलीला रोज सकाळी बसने जाणारी तुमची पोरं ते उघडल्याशिवाय चहासुद्धा पीत नाहीत. एका पानावर कुणीतरी काहीतरी डकवलं, म्हणून अख्खी साइट बंद!”

दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. त्याच वर्षी कल्याणची चार पोरं इराकला गेली होती, ती कुठे बिघडली? इंटरनेटवरच ना? मग पोलिसांनी काय करायचं होतं?

प्रश्न रास्त होता आणि वक्ते क्षणभर चाचपडले. मग म्हणाले, बंद करायला त्यांची हरकत नाहीच. ज्या पानावर भरती चालते ते पान आजच बंद करा. पण पोलिसांनी न्यायालयाला नेमकी कोणती पानं दाखवली, आणि पानाऐवजी पूर्ण साइट का, हे कुठेतरी लिहिलेलं दिसू द्या. आजोबा बसले, समाधान झाल्यासारखे दिसले नाहीत.

यानंतर व्याख्यान घसरलं, आणि खरं तर तिथेच रंगलं. कुठली बंदी न्यायालयात टिकते आणि कुठली नाही, याचं उदाहरण म्हणून वक्त्यांनी डान्स बारची बंदी काढली. सभागृहात चुळबूळ झाली. सायन-पनवेल महामार्गाला लागून असलेल्या या पट्ट्यात ‘बार’ हा शब्द व्यासपीठावरून उच्चारला की लोक सावध होतात. एका कार्यकर्त्याने बसल्या जागेवरून बजावलं, “सर, गावाचं नाव घेऊ नका. आमचं गाव शेतकऱ्यांचं आहे, जमिनी सिडकोला गेल्यात.” वक्त्यांनी हात जोडले. गावाचा नव्हे, कायद्याचा विषय आहे, म्हणाले, आणि मग वीस मिनिटं कायद्यावरच बोलले.

२००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३अ आणि ३३ब घातली गेली. पहिल्याने बारमधलं नृत्य बंद केलं, दुसऱ्याने तारांकित हॉटेलं आणि जिमखान्यांना त्यातून सूट दिली. बंदी छापील होती, राजपत्रात होती, तिचं कलम कुणालाही वाचता येत होतं. म्हणून हॉटेलचालकांच्या संघटनेने आणि वर्षा काळे यांच्या भारतीय बारगर्ल्स युनियनने तिच्यावर बोट ठेवलं : तेच नृत्य मोठ्या हॉटेलात चालतं तर छोट्या बारमध्ये का नाही? एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सरकारने २०१४ मध्ये सूट काढून बंदी पुन्हा आणली. त्यालाही स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये नवा कायदा झाला. जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्या बऱ्याच अटी सर्वोच्च न्यायालयाने उडवल्या.

“बंदी योग्य की अयोग्य, यावर या सभागृहात दोन तट पडतील,” वक्ते म्हणाले. मागून कुणी ओरडलं, “चार पडतील!” हशा ओसरल्यावर त्यांनी मुद्दा बसवला. ती लढाई तेरा-चौदा वर्षं चालू शकली, कारण बंदीवर कलमाचा क्रमांक होता. वेबसाइटवाल्याला तो क्रमांकही मिळत नाही.

मग एका आईने विचारलं, मुलांच्या मोबाइलवर जे येतं त्याचं काय. तिला पाटीत रस नव्हता. इथे वक्ते थोडे बचावात्मक झाले. मुलांसाठी घरच्या राउटरवर आणि फोनवर फिल्टर लावता येतात, आणि ते लावायलाच हवेत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ऑगस्ट २०१५ ची गोष्टही सांगितली : दूरसंचार विभागाने अश्लील म्हणून ८५७ साइट बंद करायला सांगितल्या, यादीत विनोदाच्या साइटही सापडल्या, ओरड झाली आणि चार-पाच दिवसांत सरकारला मागे यावं लागलं. घाईत केलेली यादी अशीच असते, हे खरं. पण आईच्या प्रश्नाला ते पुरेसं उत्तर नव्हतं.

वक्त्यांचा नायक मात्र न्यायालयातच आहे. जुलै २०१६. ‘ढिशूम’ हा सिनेमा प्रदर्शित व्हायचा होता आणि चोरीच्या प्रती रोखण्यासाठी निर्माती कंपनी मुंबई उच्च न्यायालयात आली. अशा वेळी सरसकट साइट बंद करून मागण्याची रीत पडली होती. न्या. गौतम पटेल यांनी सरसकट आदेश नाकारला. कोणता दुवा चोरीचा आहे ते तपासून दाखवा, म्हणाले. आणि जे पान बंद होईल त्यावर दाव्याचा क्रमांक, न्यायालयाचा आदेश आणि कुणाला हरकत असेल तर कुठे यायचं, हे लिहा, असं इंटरनेट कंपन्यांना बजावलं. वक्त्यांच्या चार ओळी त्या आदेशात जवळजवळ जशाच्या तशा आहेत. बाकी हिंदुस्थानात पाटीची वाट बघत बसलेल्या माणसाला ती फोर्टातल्या एका कोर्टात सापडली, याचा त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. महिन्याभरातच त्या पाटीवरच्या मजकुरामुळे गोंधळही झाला, हे त्यांनी सांगितलं. बंद पान नुसतं पाहिलं तरी तुरुंग, असा अर्थ वर्तमानपत्रांनी काढला. मग न्या. पटेलांनीच स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही आणि मजकूर सुधारायला लावला.

एका तरुणाने नेमका खोडा घातला. दंगल भडकवणाऱ्या व्हिडिओवर पाटी लावली तर लोक व्हीपीएन घालून तोच जास्त बघतील. “आताही बघतात,” वक्ते म्हणाले. उत्तर टाळीचं होतं, पुरं नव्हतं. सिनेमाच्या खटल्यात फिर्यादी मालक समोर उभा असतो, दंगलीच्या रात्री तसं कुणी नसतं, आणि जून २०२३ चं कोल्हापूर आठवणारा माणूस या मुद्द्याला सहज सोडणार नाही. मोबाइलवरच्या स्टेटसवरून तिथे दंगल झाली आणि इंटरनेटच बंद करावं लागलं. पण त्याच उदाहरणाची दुसरी बाजू वक्त्यांनी पकडली. काश्मीरच्या खटल्यात, अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर, १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध झालेच पाहिजेत. म्हणजे जिल्हाभराचं इंटरनेट तोडायचं तर आदेश चारचौघांत येतो, आणि एक पान झाकायचं तर तो गोपनीय. तरुण हसला, पण मान हलवली.

एव्हाना अध्यक्षांची पहिली चिठ्ठी आली होती. दुसरी आल्यावर वक्त्यांचा वेग दुप्पट झाला. निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ यांच्या याचिकांवर ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डिजिटल माध्यमांच्या नव्या नियमांतल्या दोन कलमांना दिलेली स्थगिती अर्ध्या मिनिटात उरकली. कुणाल कामरा यांचा खटला एका मिनिटात : सरकारबद्दलची बातमी खोटी आहे हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचं, हा २०२३ चा नियम, जानेवारी २०२४ मध्ये न्या. पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं भिन्न. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. खरं तर संध्याकाळचा मुख्य विषय हाच व्हायला हवा होता. बारना दिलेली वीस मिनिटं इथे भोवली.

‘सहयोग’ पोर्टलबद्दल तर दोनच वाक्यं झाली. ६९अ ची अटींची वाट सोडून, त्याच कायद्याच्या कलम ७९ चा आधार घेत या पोर्टलवरून निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी थेट कंपन्यांना मजकूर काढायची सूचना पाठवतात. एक्स कंपनीने त्याला दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. पुढच्याच महिन्यात केंद्राने नियम बदलून सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच सूचना द्यावी, आणि कारण सांगावं, अशी तरतूद केली. “बघा, निदान हुद्दा आला. अर्धी पाटी!” वक्ते म्हणाले, तोवर आभारप्रदर्शनवाले उठून उभे राहिले होते.

तरी शेवटचा प्रश्न झालाच. बंद झालेल्या साइटच्या मालकाने करायचं काय? वक्त्यांनी तनुल ठाकूर या पत्रकाराचं उदाहरण दिलं. त्यांनी हुंड्याची टर उडवणारी ‘डाउरी कॅल्क्युलेटर’ ही साइट काढली होती. नवऱ्याची जात, नोकरी, पगार भरा, हुंडा किती ते सांगते. सरकारने ती हुंड्याला प्रोत्साहन देणारी म्हणून बंद केली. मालकाचं नाव उघड होतं, तरी त्याला आधी नोटीस नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं की त्यांना आदेशाची प्रत द्या आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्या.

“नुसती प्रत मिळायला किती वर्षं लागली?” प्रश्नकर्त्याने विचारलं.

“साइट २०१८ साली बंद झाली होती,” असं म्हणून वक्त्यांनी माइक आभारप्रदर्शनवाल्यांच्या हातात दिला.