आजची भाकर, आजचा विश्वास

आजच्या भागात आपण रोजच्या भाकरीवर मनन करणार आहोत. बायबल जवळ असेल तर निर्गम, अध्याय 16 उघडून ठेवा. प्रवासात असाल, स्वयंपाक करत असाल, तर नुसतं ऐका.

महिन्याची वीस तारीख उलटली की कितीतरी घरांत हिशोब सुरू होतो. गॅस संपत आलाय, वाण्याच्या वहीत मागचीच बाकी आहे, मुलांची फी भरायचीय. ज्याचं काम कंत्राटावर आहे, त्याला तर पुढच्या महिन्यात बोलावणं येईल की नाही हेही ठाऊक नसतं. अशा घरात जाऊन "चिंता करू नका, देव बघून घेईल" असं म्हणणं फार सोपं आहे. पण देव कसा बघून घेतो? शास्त्र काय दाखवतं?

इस्राएल लोकांना मिसर सोडून एक महिना झाला होता. अरण्यात भूक लागली आणि कुरकुर सुरू झाली. गंमत बघा, विटांची वेठबिगारी विसरली, पण मिसरातली मांसाची भांडी आठवली! भुकेला माणूस असाच असतो. देवानं त्यांना हाकलून दिलं नाही. संध्याकाळी लावे पक्षी आले आणि सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर मान्ना दिसला.

आता त्याचे नियम पाहा. माणशी एक ओमर गोळा करायचा आणि सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. काहींनी ठेवलाच, तर त्यात किडे पडले, घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानंच सांगितलं, आणि तो मात्र शब्बाथाला चांगला राहिला. म्हणजे साठवणं हेच पाप होतं का? नाही. योसेफानं मिसरात सात वर्षं धान्य साठवलं, तेही देवाच्याच योजनेनं. तेव्हा तुमचा पीएफ, विमा, घरातली धान्याची कोठी, ही अविश्वासाची खूण नव्हे. प्रश्न एवढाच आहे, की रात्री झोप लागते ती कोठी भरलेली आहे म्हणून, की कोठी भरणारा जिवंत आहे म्हणून?

आणखी एक गोष्ट. मान्ना तंबूत येऊन पडत नव्हता. पहाटे उठून, बाहेर जाऊन, वाकून वेचावा लागे. ऊन तापलं की तो वितळून जाई. म्हणून विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. देणं देवाचं, वेचणं आपलं.

आणि हल्ली जे ऐकू येतं ना, "आधी इतकी रक्कम द्या, मग देव दुप्पट करून देईल," त्याबद्दलही हा अध्याय बोलतो. ज्यानं जास्त गोळा केलं त्याचं काही उरलं नाही आणि ज्यानं कमी गोळा केलं त्याला काही कमी पडलं नाही. देवाचं माप गरजेचं होतं, हावेचं नव्हतं.

पण प्रियांनो, एक अवघड प्रश्न राहतोच. प्रार्थना करूनही डबा रिकामाच राहिला तर? याला लपवून चालणार नाही. पौलासारख्या प्रेषितानं करिंथकरांना लिहिताना आपली तहान-भूक आणि उपासमार स्पष्ट सांगितली आहे. तो विश्वासात कमी पडला होता का? मुळीच नाही. मग ज्याच्या घरात आज चूल पेटली नाही, त्याला "तुमचा विश्वास कमी आहे" असं कुणीही म्हणू नये.

फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय आपल्याला आवडतो. देव सर्व गरज पुरवील हे वचन आपण भिंतीवर लावतो. पण ते कधी लिहिलं? पौल बंदीत होता आणि फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याच्यासाठी मदत पाठवली होती. म्हणजे देवानं पौलाची गरज भागवली ती माणसांच्या हातून. हाच पौल यरुशलेमातल्या गरिबांसाठी वर्गणी मागताना करिंथकरांना मान्नाचीच आठवण देतो, 2 करिंथ 8 मध्ये. अरण्यात देवानं माप सारखं केलं, आता मंडळीनं ते करायचं आहे.

म्हणून प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर "मला" नाही, "आम्हांला" मागितली आहे. माझ्या घरातली जास्तीची भाकर ही कदाचित शेजाऱ्याच्या प्रार्थनेचं उत्तर असेल, आणि मी ती डब्यात झाकून ठेवलेली असेन.

आपल्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र वाचलं होतं आणि गरजांसाठी देवावर अवलंबून राहायचं ठरवलं होतं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होती, तशाच विहिरी, शेती, हातमाग आणि छापखानाही होता. गुडघेही टेकलेले आणि हातही कामात!

मग आज काय करायचं? उद्याची नव्हे, आजची गरज नाव घेऊन देवापुढे ठेवा. जे काम समोर आहे ते करा. अडचण असेल तर मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला सांगा. त्यात लाज नाही, पौलानंही मदत स्वीकारली. आणि ज्यांच्या घरी आज पुरेसं आहे, त्यांनी या आठवड्यात एका घराची चौकशी करा. गाजावाजा न करता.

चला, प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, आजच्या अन्नासाठी तुझे आभार. ज्या घरात आज चिंता आहे तिथे तू जा आणि आमच्यापैकी कुणाला पाठवायचं असेल तर आम्हांला पाठव. येशूच्या नावात मागतो, आमेन.