राजाश्रय आणि उघडे दार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे, धनिकही नव्हे; म्हणून उपदेश न करता लंडनमधील दोन रुग्णालयांचा इतिहास आपणांपुढे ठेवतो.

शंभर-दोनशे वर्षांपूर्वी तेथील बहुतेक रुग्णालये वर्गणीदारांच्या पैशावर चालत, आणि वर्गणीदाराचे शिफारसपत्र आणल्याशिवाय गरिबास सहसा प्रवेश मिळत नसे. १८२७ सालच्या हिवाळ्यात विल्यम मार्सडेन या तरुण शल्यवैद्यास होलबर्न भागातील एका चर्चच्या पायऱ्यांवर एक आसन्नमरण मुलगी आढळली. तिच्यापाशी पत्र नव्हते, म्हणून कोणतेही रुग्णालय तिला घेईना. ती वाचली नाही. पुढच्याच वर्षी मार्सडेन यांनी हॅटन गार्डनजवळ एक लहानसे घर घेऊन मोफत रुग्णालय उघडले. आजार आणि गरिबी हीच तेथील शिफारस! १८३२ च्या पटकीच्या साथीत या संस्थेने रोग्यांना आसरा दिला. आणि १८३७ साली राणी व्हिक्टोरिया यांच्या अनुज्ञेने तिच्या नावात ‘रॉयल’ हे पद आले. तेच आजचे रॉयल फ्री हॉस्पिटल होय.

१८४६ साली मार्सडेन यांच्या पत्नी कर्करोगाने निवर्तल्या. स्वतः शल्यवैद्य असूनही त्यांना ते मरण टाळता आले नाही. त्या दुःखातून १८५१ साली वेस्टमिन्स्टरमध्ये त्यांनी केवळ कर्करोग्यांसाठी मोफत रुग्णालय काढले. आरंभी तेथे वेदना शमविणारी औषधे देण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. परंतु रोगी येऊ लागले आणि रोगाचा अभ्यास सुरू झाला. १८६२ साली फुलहॅम रोडवर संस्थेची कायमची इमारत उभी राहिली. १८६७ साली मार्सडेन वारले. पंचम जॉर्ज यांची सनद मिळाली ती १९१० साली, आणि ‘रॉयल मार्सडेन’ हे नाव लाभले ते १९५४ साली! १९४८ पासून हे रुग्णालय सरकारी आरोग्यसेवेचा भाग आहे. ज्या रोगाचे नाव उच्चारण्यास माणसे भीत, त्याच रोगावर वेल्सची युवराज्ञी कॅथरीन यांनी येथे उपचार घेतले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या पतीसह संस्थेच्या संयुक्त आश्रयदात्या झाल्या.

यातून आम्ही एवढेच समजलो, की राजाश्रयाने संस्थेस प्रतिष्ठा येते, लोकांचा विश्वास बसतो, देणग्यांचा ओघ वाढतो. हे उपकार थोडे नव्हेत. परंतु दार आधी उघडले ते एका माणसाच्या तळमळीने. राजमुद्रा मागाहून आली. आपल्याकडेही पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्यावर सर दोराबजी टाटा यांच्या मनात जे शल्य राहिले, त्यातून त्यांच्या पश्चात १९४१ साली परळचे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांना त्या इमारतीच्या पायऱ्या परिचित आहेत.

आता घरच्या गोष्टीकडे वळू. आपल्या निधीच्या नियमाप्रमाणे अर्जावर दोन विश्वस्तांची शिफारस लागते. नियम करताना हेतू शुद्ध होता. पैशाचा अपव्यय होऊ नये, एवढाच. परंतु गतवर्षी एका भगिनीचा अर्ज सहीवाचून तीन आठवडे पडून राहिला. एक विश्वस्त परगावी होते, दुसऱ्यांशी तिची ओळख नव्हती, आणि ओळखीवाचून दार ठोठावण्याचा तिला संकोच वाटला. कर्करोगास तीन आठवडे पुष्कळ होतात. त्या विश्वस्तांत आम्हीही होतो, हे येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी, की यापुढे डॉक्टरांची चिठ्ठी हीच शिफारस मानावी, पहिली मदत तत्काळ द्यावी आणि चौकशी मागाहून करावी. आपला निधी लहान आहे, त्यास कोणा राजाची सनद नाही. पण दार उघडे ठेवण्यास सनद लागत नाही.