म्हातारपणाच्या नावावर खपणारा आजार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घोडा म्हटलं की आपल्याला रेसकोर्स आठवतो, माथेरानची लाल मातीची वाट आठवते, सारंगखेड्याची यात्रा आठवते. नाहीतर लग्नाची वरात. तिथे आपण पाहतो तो घोडा बहुधा उमदा, उमेदीच्या वयातला. तो म्हातारा झाल्यावर त्याचं काय होतं, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. आज बोलायचं आहे ते या म्हाताऱ्या घोड्यांबद्दल आणि त्यांना होणाऱ्या हार्मोनच्या एका विकाराबद्दल.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पागेत २२ वर्षांची घोडी होती. शर्यती झाल्या, शिंगरं झाली, आता मालकाने मायेने सांभाळलेली. तिथले वयस्कर मोतद्दार मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चैत्र उलटला तरी हिचे थंडीतले केस झडत नाहीत. खरारा करून हात दुखले. पाणीपण लई पिते." मी पाहिलं. पाठीचा कणा वर आलेला, पोट लोंबलेलं, अंगावर लांब कुरळे केस. मी म्हणालो, "मामा, वय झालं तिचं." दोन महिन्यांनी तीच घोडी पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. पाऊल उचलेना. खुरांना हात लावला तर गरम. मामांनी पाहिला होता तो आजार होता. मी त्याला म्हातारपण म्हणून मोकळा झालो होतो.

या आजाराला पूर्वीपासून 'घोड्यांचा कुशिंग' म्हणतात. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने १९३२ साली माणसांतल्या अशाच विकाराचं सविस्तर वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. पशुवैद्यकात आता 'पीपीआयडी' हे नाव रूढ आहे. मेंदूच्या तळाशी पियुषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी असते. घोड्यात तिच्या मधल्या भागाला मेंदूतून येणाऱ्या काही चेतातंतूंचा लगाम असतो. हे तंतू डोपामिन नावाचं रसायन सोडून ग्रंथीला आवरून धरतात. वय वाढेल तसे काही घोड्यांत हे तंतू झिजतात. लगाम सुटला की तो भाग फुगत जातो आणि एसीटीएचसारखी हार्मोन्स प्रमाणाबाहेर रक्तात सोडू लागतो. माणसाच्या पार्किन्सनमध्येही डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच मरतात. फक्त मेंदूतली जागा वेगळी.

परिणाम साऱ्या शरीरावर होतो. केस वेळेवर झडत नाहीत, पाठीवरचं मांस उतरतं, घाम, तहान आणि लघवी वाढते. जखमा चिघळतात, जंतांचा त्रास वाढतो. घोडा सुस्तावतो आणि मालकाला वाटतं, वयानुसार शांत झाला!

सर्वांत भयंकर म्हणजे लॅमिनायटिस. खुराचं कठीण कवच आणि आतलं हाड यांना नाजूक पापुद्रे जोडून ठेवतात. ते सुटू लागले की हाड खुरातच खाली सरकतं. १९७३ साली अमेरिकेतला 'ट्रिपल क्राउन' जिंकणाऱ्या सेक्रेटेरियटला १९८९ साली, वयाच्या १९व्या वर्षी, लॅमिनायटिसमुळेच दयामरण द्यावं लागलं. त्याला पीपीआयडी होता असं मला म्हणायचं नाही. पण एवढ्या मोलाच्या घोड्यापुढेही उपाय खुंटले, हे लक्षात घ्या.

पीपीआयडी झालेल्या काही घोड्यांच्या रक्तात इन्शुलिनही वाढलेलं असतं. लॅमिनायटिसचा धोका मुख्यतः त्यांना. म्हणून एसीटीएचबरोबर इन्शुलिनही तपासायचं आणि ते वाढलेलं असेल तर गूळ बंद, धान्याची चंदी कमी, कोवळा हिरवा चारा बेताचा.

हा थंड देशांतला आजार आहे, असंही कुणी समजू नये. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडसारख्या उष्ण प्रांतातल्या पाहणीत १५ वर्षांच्या आणि त्यापुढच्या घोड्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला हा विकार आढळला होता.

निदान रक्ताच्या तपासणीने होतं. मात्र एक मेख आहे. दिवस लहान होऊ लागले की निरोगी घोड्याचंही एसीटीएच वाढतं. म्हणून आकडा वाचताना ऋतू पाहावा लागतो. आजार पूर्ण बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो. पर्गोलाइड हे त्यावरचं औषध. ते मूळचं पार्किन्सनच्या रुग्णांसाठीचं. हृदयाच्या झडपांना अपाय होतो असं दिसल्यावर अमेरिकेत २००७ साली ते माणसांसाठी मागे घेतलं गेलं आणि २०११ साली तिथेच घोड्यांच्या या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रोज, जन्मभर द्यायचं असतं. सुरुवातीला काही घोड्यांची भूक मंदावते, तेव्हा मात्रा जुळवून घ्यावी लागते. जोडीला उन्हाळ्यात केस कापणं, नालबंदाकडून वेळच्या वेळी खूर छाटून घेणं, दात आणि जंत यांकडे लक्ष देणं आलंच.

त्या घोडीला आम्ही वाचवू शकलो नाही. दोन महिने आधी रक्त तपासलं असतं तर ती नक्की वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण तिला एक संधी मिळाली असती आणि ती माझ्या एका वाक्याने हुकली.

तेव्हापासून कुठल्याही पागेत गेलो की घोड्याला हात लावण्याआधी मोतद्दाराला विचारतो, "यंदा केस कधी झडले?" घोडेमालकांना माझं एवढंच सांगणं आहे. घोड्याने पंधरा वर्षं ओलांडली की दरवर्षी ही तारीख लिहून ठेवा. ती लांबली, पाठ उतरली, बादली लवकर रिकामी होऊ लागली, तर वय झालं म्हणू नका. डॉक्टरांना बोलवा. आणि डॉक्टरच वय झालं म्हणाले, तर रक्त तपासायचा आग्रह धरा.