सुडाचा हिशेब



आमच्या देगलूरकडे पेरणी आटोपली की पोरांना थोडी उसंत मिळते. त्या दिवसांत काही विद्यार्थी तांबारलेल्या डोळ्यांनी वर्गात येऊ लागले. चौकशी केली तेव्हा कळले, की रात्र जागून मोबाईलवर एक कोरियन मालिका पाहणे चालले आहे. नाव 'मर्सी फॉर नन', 2025 साली आलेली, सातच भागांची. मग मीही पाहिली. पोरे काय पाहतात ते मास्तराने पाहू नये, असे थोडेच आहे!

कथा साधी आहे. टोळीतला एक दांडगा गडी स्वतःच्या टाचेची शीर कापून घेऊन ती दुनिया सोडतो. अकरा वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाचा खून होतो आणि हा लंगडत परत येतो. पुढे सगळी मारामारीच. मेलेल्यांची मोजदाद मी तिसऱ्या भागात सोडून दिली. तथापि खोटे कशाला बोलू, पाहताना माझ्याही मुठी आवळत होत्या. भावासाठी भाऊ उठतो, ही गोष्ट कोणत्याही मुलखातल्या माणसाला समजते.

दुसऱ्या दिवशी तासाला मी म्हटले, "अशीच गोष्ट मुंबईत खरोखर घडली आहे. ऐकायची का?"

12 फेब्रुवारी 1981 रोजी प्रभादेवीच्या एका पेट्रोलपंपावर साबीर कासकर गोळ्यांनी मारला गेला. हा दाऊद इब्राहिमचा थोरला भाऊ. यांचे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते, हे ध्यानात असू द्या. मारणारांत पठाण टोळीचा अमीरजादा आणि मन्या सुर्वे यांची नावे आली. मन्या हा कीर्ती महाविद्यालयात शिकलेला. प्राध्यापकाच्या तोंडून हे वाक्य जरा जडच निघते. 11 जानेवारी 1982 रोजी तो वडाळ्याला आंबेडकर महाविद्यालयापाशी पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. 1983 साली अमीरजादाला तर भर न्यायालयात गोळी घातली. ते काम ज्याने जमवले, त्या बडा राजनलाही थोड्याच दिवसांत न्यायालयाबाहेर उडवण्यात आले.

मन्या मेला त्यानंतर आठवड्याने, 18 जानेवारी 1982 ला, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरणगावातल्या कित्येक चुली थंडावल्या आणि बापाच्या जागी कामाला लागायची ती पोरे नाक्यावर उभी राहिली. टोळ्यांना माणसे हवीच होती. मालिकेत गुंड हा जणू गुंड म्हणूनच जन्माला येतो. त्याच्या बापाची नोकरी केव्हा गेली, हे कोणी दाखवत नाही.

26 जुलै 1992 रोजी नागपाड्यात दाऊदच्या बहिणीचा नवरा मारला गेला. मारणारे अरुण गवळीच्या टोळीचे. त्यांतला शैलेश हळदणकर जे. जे. रुग्णालयात पडून होता. 12 सप्टेंबरला दाऊदची माणसे रुग्णालयात शिरली आणि त्याला ठार केले. पहाऱ्यावरचे दोन पोलीस शिपाईही मेले. पेट्रोलपंपावरच्या त्या रात्रीला तोवर अकरा वर्षे झाली होती. त्या दोघांचे साबीरशी काय वैर? त्या रात्री त्यांची पाळी होती, इतकेच. हवालदाराच्या मुलाचा सूड शिपायांच्या घरी जाऊन थांबला. थांबला तरी कुठे म्हणा!

वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "सर, पण भावाला मारलं तर मग गप बसावं का माणसानं?"

या मुलाच्या घरी बांधावरून भावकीत तंटा आहे. मागच्या साली चुलत्याचे डोके फुटले होते. तेव्हा हा प्रश्न काही मालिकेतला नव्हता.

मी अश्वत्थाम्याची आठवण दिली. त्याच्या बापाला कपटाने मारले होते. त्याचे दुःख खोटे नव्हते. पण रात्री तो पांडवांच्या शिबिरात शिरला तेव्हा पांडव तेथे नव्हतेच, आणि द्रौपदीची पाच पोरे झोपेत कापली गेली. भागवतात पुढची गोष्ट आहे. त्याला बांधून समोर आणले तेव्हा द्रौपदीच म्हणते, सोडा याला. मी रडते आहे तशी याची आई रडायला नको. भीमाला ते पटत नाही, आणि हे मला फार खरे वाटते. शेवटी त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतात नि हाकलून देतात. म्हणजे शिक्षा झाली, गप्प कोणी बसले नाही.

तास सुटल्यावर तो मुलगा ओसरीवर थांबला होता. "सर, सोमवारी कोर्टात तारीख आहे. काका म्हणालेत, औंदा धा-बारा पोरं घेऊन जाऊ. मी जाऊ का?"

मी म्हटले, "जा. पण काका आणि तू, दोघेच जा. सातबारा आणि मोजणीचा नकाशा घ्यायला विसरू नका."

सोमवारी पुढची तारीख पडली. दोघे संध्याकाळच्या एस.टी.ने गावी परतले. समोरची मंडळीही त्याच गाडीत होती, आणि गर्दी इतकी की नकाशाची गुंडाळी त्यांच्यातल्याच एकाच्या मांडीवर ठेवावी लागली, असे तो सांगत होता.